जोसेफ हर्मन यांनी खाणकामगारच का रंगवले?

कलेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. तिचं म्हणणं असं: जोसेफ हर्मन हे पोलंडचे ज्यू. नाझींमुळे देशोधडीला लागले, मागे राहिलेलं सगळं कुटुंब मारलं गेलं. त्यांना अभिव्यक्तिवादी, म्हणजे दिसतं तसं न काढता आतलं जाणवलेलं रंगवणारे, म्हणतात. पण त्यांची चित्रं शोधायला गेलं की वेल्समधले खाणकामगार दिसतात. बसलेले, थकलेले, शांत. कुठे आक्रोश नाही, रक्त नाही, मोडलेली घरं नाहीत. मग एवढं भोगलेल्या माणसाने परक्या देशातल्या कामगारांची चित्रं काढण्यात आयुष्य का घालवलं? आणि इतक्या शांत चित्रांना अभिव्यक्तिवादी का म्हणायचं?

मी चित्रकार आहे, बरीच वर्षं मनुष्याकृतीचं रेखाटन शिकवतो आहे, आणि बसलेला माणूस कागदावर ‘बसवायचा’ कसा हे मला हर्मन यांच्या चित्रांनी जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे, की खाणकामगार हा हर्मन यांना योगायोगाने भेटलेला विषय आणि स्वतःच्या दुःखापासून लांब जाण्याची वाट. मला तसं वाटत नाही. कष्टकरी माणूस हा त्यांचा विषय ज्यूंच्या संहाराच्या आधीपासूनच होता. युद्धाने तो त्यांच्या हातून हिसकावून घेतला. मग काही वर्षं त्यांना फक्त आठवणी रंगवता आल्या. वेल्समध्ये तो विषय त्यांना परत मिळाला, पण तोवर त्या माणसांच्या अंगात वेगळंच वजन आलेलं होतं. त्यांचं दुःख शोधायचं असेल तर ते या वजनात शोधावं लागतं. चित्रातल्या प्रसंगात शोधलं तर हाती काही लागत नाही.

हर्मन यांचा जन्म ३ जानेवारी १९११ रोजी वॉर्सामध्ये झाला. तीन भावंडांत ते थोरले. घर गरीब, वडील जोडे शिवून पोट भरायचे, घरची भाषा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. शाळा लवकर सुटली आणि पोटापाण्यासाठी ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवू लागले. खिळे शिशाचे. त्या शिशाची बाधा होऊन जुळाऱ्याचं काम सोडावं लागलं आणि मग ते चित्रकलेकडे वळले. १९३० ते १९३२ या काळात वॉर्साच्या कला आणि सजावट विद्यालयात शिकले. पहिलं प्रदर्शन १९३२ मध्ये लागलं, तेही चौकटी बनवणाऱ्याच्या दुकानात. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कामाने शरीर कसं झिजतं, हे त्यांना पुढे वेल्समध्ये दुसऱ्याकडे बघून शिकायचं नव्हतं. ते त्यांनी विशीच्या आत स्वतःच्या अंगावर भोगलं होतं.

पुढे १९३० च्या दशकाच्या मध्यावर काही डाव्या विचारांच्या तरुण चित्रकारांबरोबर त्यांनी ‘फ्रिजियन टोपी’ नावाचा गट काढला. ही टोपी म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं स्वातंत्र्याचं चिन्ह. या गटाचा आग्रह होता की कामगार आणि शेतकरी हेच चित्राचे नायक. हर्मन कार्पेथियन डोंगरांत जाऊन तिथल्या शेतकऱ्यांची चित्रं काढायचे. वेल्सला पोचायला अजून आठ-नऊ वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट.

पोलंडमध्ये ज्यूद्वेष वाढत चालला होता आणि डाव्या चित्रकारांवर सरकारची वक्रदृष्टी होती. १९३८ मध्ये हर्मन ब्रसेल्सला निघून गेले. त्यानंतर घरचं कुणी त्यांना पुन्हा भेटलं नाही.

ब्रसेल्समध्ये त्यांना कॉन्स्टंट पेर्मेके यांची चित्रं भेटली, आणि या भेटीवर थोडं थांबायला हवं, कारण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर इथे आहे. अभिव्यक्तिवाद म्हटलं की आपल्याकडे सहसा जर्मनी आठवते: १९०५ मध्ये ड्रेस्डेनला सुरू झालेला ‘पूल’ (डी ब्रुके) हा चित्रकारांचा गट, धारदार रेषा, झोंबणारे हिरवे-लाल रंग, शहरातली बेचैन माणसं. अभ्यासक्रमातही तेवढंच असतं. पण त्याच सुमारास बेल्जियमच्या फ्लेमिश भागात अभिव्यक्तिवादाची वेगळी धारा वाहत होती आणि पेर्मेके हे तिचे सर्वांत ताकदीचे चित्रकार. त्यांचे कोळी आणि शेतकरी ओल्या मातीतून उपसून काढल्यासारखे दिसतात. रंग तपकिरी, गेरूसारखे, काळपट. हात अवाढव्य, डोकं लहान, मान जवळजवळ नाहीच. डोळ्यांना दिसणारं प्रमाण त्यांनी खुशाल मोडलं. जे अंग कष्ट करतं ते मोठं केलं. आणि पेर्मेकेसुद्धा एका अर्थी निर्वासितच. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये जखमी होऊन ते इंग्लंडला गेले होते आणि तिथल्या परकेपणातच त्यांची शैली घडली.

म्हणजे अभिव्यक्तिवादात दोन वाटा दिसतात. एका वाटेवर चित्रकार आतली खळबळ बाहेर फेकतो. दुसऱ्या वाटेवर तो समोरच्या माणसाचं शरीर आतून जाणवेल तसं घडवतो, मग दिसतं तसं राहिलं नाही तरी चालेल. हर्मन या दुसऱ्या वाटेचे. शांतता आणि अभिव्यक्तिवाद यांत विरोध आहे असं वाटतं ते फक्त पहिलीच वाट माहीत असल्यामुळे.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. हर्मन पळून फ्रान्समध्ये गेले आणि तिथून ब्रिटनला पोचले. त्याच महिन्यांत ब्रिटन जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासितांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून छावण्यांत डांबत होतं. त्यांत नाझींपासून पळालेले कितीतरी ज्यू चित्रकार होते. हर्मन पोलंडचे, म्हणजे मित्रराष्ट्राचे, म्हणून ते यातून सुटले आणि ग्लासगोला येऊन राहिले.

ग्लासगोत त्यांना दोन माणसं मिळाली. एक मूळचे एस्टोनियातले ज्यू शिल्पकार बेनो शॉट्झ, जे तिथे आधीच स्थिरावले होते आणि निर्वासित कलावंतांचा आधार होते. दुसरे यांकेल आडलर. आडलर पोलंडचेच, पण उमेदीची वर्षं जर्मनीत ड्युसेलडॉर्फला काढलेले, नामवंत आधुनिक चित्रकार पॉल क्ले यांच्या सहवासात काम केलेले. १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि १९३७ च्या म्युनिकमधल्या कुप्रसिद्ध ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्यांची चित्रं टिंगलीसाठी मांडली गेली. दोन यिडिश बोलणारे चित्रकार स्कॉटलंडच्या त्या धुरकट शहरात भेटले, यातून हर्मन यांना किती बळ मिळालं असेल याची कल्पना करता येते.

याच काळात ते वॉर्सामधल्या ज्यू वस्तीच्या आठवणी काढू लागले. लग्नातले वादक, गल्ल्या, कारागीर, बाजारातल्या बायका, आई. बरीचशी कामं शाईत आणि अपारदर्शक जलरंगात. साधारण १९४१ मधलं ‘निर्वासित’ हे चित्र आज लंडनच्या बेन उरी संग्रहात आहे. रात्रीचं गाव, घर सोडून निघालेलं एक कुटुंब, आणि मागे छपरावर भलंमोठं मांजर, त्याच्या तोंडात उंदीर. घरं लहान आणि मांजर मोठं. भोगलेलं चित्रात का नाही, असं तुम्ही विचारलंत. हे चित्र त्याचं सरळ उत्तर आहे. ते चित्रात होतं. त्यांनी ते रंगवलं. मला हे चित्र अतिशय प्रिय आहे, आणि हर्मन म्हणजे फक्त खाणकामगार असं समजणाऱ्यांनी ते आधी बघावं असं वाटतं.

१९४२ मध्ये रेड क्रॉसमार्फत बातमी आली की त्यांचं सगळं कुटुंब संपलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वॉर्सात ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून (घेट्टोतून) अडीच लाखांहून अधिक ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेलं गेलं. हर्मन पार कोसळले. त्यानंतरही काही काळ ते त्या हरवलेल्या वस्तीची चित्रं काढत राहिले. पण आता या चित्रांचा अर्थ बदलला होता. आधी आठवण काढली जात होती ती कुठेतरी असलेल्या माणसांची. आता ती माणसं फक्त कागदावर उरली होती.

या आठवणींच्या चित्रांवर ज्यू खेड्यांची स्वप्नवत चित्रं काढणाऱ्या मार्क शागाल यांची सावली आहे, हे मान्य करायला हवं. तरंगणारी माणसं, स्वप्नातली छपरं, हळवी रेषा. काही चित्रं अप्रतिम आहेत, काही उसनी वाटतात. त्याहून मोठी अडचण अशी की आठवणीतून काढलेला माणूस हळूहळू पातळ होत जातो. ज्याने स्मृतीतून चेहरे काढले आहेत त्याला हे कळेल: पहिल्या चित्रात हाड असतं, पाचव्यात नुसता भाव उरतो. समोर बसलेलं शरीर तुम्हाला अडवतं, चुका दाखवतं. आठवण कधीच अडवत नाही. हर्मन यांना हे उमगलं असावं असं मला त्या चित्रांचा क्रम बघून वाटतं, कारण ही मालिका त्यांनी पुढे थांबवली.

१९४३ मध्ये ते लंडनला आले. तिथे इंग्लिश चित्रकार एल. एस. लाऊरी यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. आणि १९४४ च्या जूनमध्ये ते दक्षिण वेल्समधल्या अस्त्रदगुनलाइस या खाणींच्या गावी गेले, पंधरा दिवसांसाठी म्हणून. राहिले अकरा वर्षं.

पहिल्याच दिवसाचं वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कडक उन्हाचा दिवस होता. मावळतीचं आकाश तांब्याच्या रंगाचं झालेलं. पुलाखालून नदीचं पाणी दगडांवरून वाहत होतं. तेवढ्यात खाणकामगारांचा एक घोळका पुलावर चढला. क्षणभर त्यांची डोकी मावळत्या सूर्याच्या पूर्ण गोलासमोर आली आणि त्यांना तेजोवलयं असलेल्या संतांच्या मूर्तिचित्रांची आठवण झाली. उजेड मागून असल्याने आकृत्या जवळजवळ काळ्या दिसत होत्या. मग ती माणसं झपाझप पूल ओलांडून आपापल्या वाटेने पांगली. तेवढं दृश्य त्यांना आयुष्यभर पुरलं.

या वर्णनाकडे लोक चमत्कार म्हणून बघतात. मी ते चित्रकाराच्या डोळ्याने वाचतो. सूर्य मागे असला की तीन गोष्टी घडतात. चेहऱ्याचा तपशील नाहीसा होतो, म्हणजे अमुक एक माणूस न दिसता माणसाचा आकार दिसतो. बाह्यरेषा ठाम होते, म्हणजे देहाची ठेवण, खांदे, कमरेतला बाक हेच बोलू लागतात. आणि आकृतीभोवती उबदार कड येते, म्हणजे काळोख आणि उजेड एकमेकांना घासतात. ग्लासगोतल्या चित्रांत नेमकं हेच नव्हतं. तिथे तपशील भरपूर होता आणि ठेवण सैल होती. पुलावर हर्मन यांना विषयाबरोबर त्याची रचनाही मिळाली. डोंगरातले शेतकरी काढणारा, पेर्मेके पचवलेला माणूस तिथे उभा होता म्हणून ते दृश्य दिसलं. त्या पुलावरून रोज शेकडो लोक जात असतील.

गावाने त्यांना सामावून घेतलं. लोक प्रेमाने ‘जो बाख’, म्हणजे आपला छोटा जो, म्हणू लागले. आधी एका खानावळीत आणि मग सरबताच्या जुन्या कारखान्यात त्यांनी राहायची आणि कामाची जागा केली. बाहेरून आलेला, उच्चार वेगळा, धर्म वेगळा, आणि दिवसभर वही घेऊन रस्त्यात बसणारा माणूस. अशा माणसाला खाणकामगारांच्या गावाने आपला म्हणावं ही साधी गोष्ट नाही. त्या गावात आज त्यांच्या नावाने कलाप्रतिष्ठान चालतं.

आता चित्रांकडे येऊ.

हर्मन यांची रेखाटनं बहुतेक बोरूची किंवा पेनाची, शाईत, वर शाईचाच पातळ वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या शाईचा हात. आकाराने लहान. यांत बघण्यासारखं काय असेल तर रेषा कुठे थांबते ते. पाठीची रेषा खांद्यापासून निघते आणि जिथे शरीराचा भार जमिनीवर पडतो तिथपर्यंत न तुटता जाते. कपड्याच्या चुण्या, बटणं, बोटांची नखं यांत त्यांना रस नाही. मी वर्गात मुलांना सांगतो की माणूस बसला आहे हे दाखवायला खुर्ची काढावी लागत असेल तर माणूस नीट काढलेला नाही. हर्मन यांच्या कित्येक रेखाटनांत खाली काही नसतं, तरी माणूस टेकलेला आहे याबद्दल शंका राहत नाही.

तैलचित्रांत गडद पाया असतो. त्यावर बर्न्ट सिएना (मातकट तांबडा), यलो ऑकर (मातकट पिवळा), तांबूस नारिंगी यांचे थर चढत जातात आणि मधूनमधून खोल निळा. उजेड वरून पडलेला वाटत नाही, आतून झिरपल्यासारखा वाटतो. याचं कारण त्या पारदर्शक थरांत आहे: खालचा गडद रंग वरच्या उबदार रंगातून अर्धवट दिसत राहतो आणि डोळा दोन्ही एकत्र बघतो. हाच परिणाम पॅलेटवर एकदाच रंग मिसळून काढायला गेलात तर चिखल होतो. १९४८ च्या आसपासची अस्त्रदगुनलाइसची संध्याकाळची चित्रं बघा. गावातला रस्ता, घरांची रांग, एखादी आकृती, आणि सगळ्यावर केशरी उजेड. थंड, पावसाळी वेल्सचं हे वास्तव चित्रण नाही हे उघड आहे. तिथल्या डोंगरांचा हिरवा-करडा रंग त्यांनी सरळ बाजूला ठेवला.

आणि माणसं बसतात कशी ते बघा. कोळशाचा थर जिथे बुटका असतो तिथे तासन्‌तास वाकून, गुडघ्यावर, उकिडवं बसून काम करावं लागतं. त्यामुळे वेल्समधले खाणकामगार वर आल्यावरही भिंतीला टेकून उकिडवे बसत. इंग्लंडच्या चित्रशाळांत शिकलेल्या माणसाला ही बसण्याची पद्धत अनोळखी होती. मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. शेताच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर आपण ती रोज बघतो. हर्मन यांनी ही बसण्याची तऱ्हा त्यांच्या चित्रांचा कणा केली. गुडघे छातीपाशी आले की शरीराचा एक घट्ट, बंद गोळा होतो. हात गुडघ्यांवरून लोंबतात आणि मोठे दिसतात. चेहरा खांद्यांत बुडतो. चित्रकार म्हणून यापेक्षा भक्कम आकार मिळणं कठीण.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे १९५१ चं ‘खाणकामगार’. त्या वर्षी लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला होता आणि तिथल्या खनिजांच्या दालनासाठी हर्मन यांना काम दिलं गेलं. सहा फलकांवर तैलरंगात केलेलं, सहा मीटरांहून लांब चित्र. आज ते स्वान्झीच्या ग्लिन व्हिव्हियन कलादालनात आहे. सहा खाणकामगार, काम संपवून जमिनीवर आलेले, बसलेले. खाणीचं यंत्र नाही, कोळशाची गाडी नाही, कुदळ उगारलेली नाही. युद्धानंतर सावरलेल्या देशाचं कौतुक करण्याच्या त्या सोहळ्यात एखाद्याने घाम गाळणारे, विजयी कामगार काढले असते. सोव्हिएत भित्तिचित्रांचा तो नमुना तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता आणि हर्मन तर डाव्या विचारांचेच. त्यांनी विश्रांती रंगवली. माणसाची किंमत तो काम करत असतानाच दाखवता येते असं त्यांना वाटलं नाही. स्वतः हर्मन हे चित्र आपल्या वेल्समधल्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं मानायचे.

इथे मी तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. ज्या माणसाची सगळी माणसं मारली गेली, ज्यांना थडगीही मिळाली नाहीत, तो माणूस अकरा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो: काळोखातून वर आलेला माणूस जमिनीवर घट्ट बसवतो. कुणी हलवू शकणार नाही इतका घट्ट. खाणीत उतरलेला माणूस वर येईलच याची खात्री कुणालाच नसते, म्हणून वर आलेल्याकडे त्या गावात वेगळ्या नजरेने बघितलं जातं. हर्मन यांनी ती नजर ओळखली असं मला वाटतं. हे माझं वाचन आहे. खाणकामगार म्हणजे छुपे ज्यू, असं सोपं समीकरण मात्र कृपा करून मांडू नका. ते वेल्श कामगार त्यांच्या जागी खरे आहेत, त्यांची नावंगावं आहेत, त्यांनी चित्रकारासमोर बसून वेळ दिला आहे. त्यांना दुसऱ्या कुणाचं प्रतीक करून टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि हर्मन यांच्यावरही.

तुलनेसाठी लुडविग माइडनर यांना बघा. तेही ज्यू, तेही निर्वासित, आणि पहिल्या वाटेचे अभिव्यक्तिवादी. १९१२-१३ मध्ये त्यांनी उद्ध्वस्त होणारी शहरं रंगवली: आकाश फुटतंय, इमारती कोसळतायत, माणसं पळतायत. पहिलं महायुद्ध त्यानंतर झालं. १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले, १९४० मध्ये छावणीत डांबले गेले, आणि सुटल्यावर लंडनमध्ये हलाखीत, जवळजवळ अनोळखी राहिले. १९५३ मध्ये ते जर्मनीला परत गेले. त्यांच्या वाट्याला अस्त्रदगुनलाइस आलं नाही. निर्वासित चित्रकाराचं काय होतं हे त्याच्या गुणवत्तेवर जेवढं अवलंबून असतं तेवढंच कोणत्या रस्त्याने कोण हात पुढे करतं यावरही असतं.

आपल्याकडे मुंबईतही त्याच लाटेत काही माणसं आली होती. रुडॉल्फ फॉन लायडेन १९३३ मध्येच आले. पुढे ते टाइम्स ऑफ इंडियातून कलासमीक्षा लिहू लागले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८ मध्ये पत्नी केटे यांच्यासह आले. केटे ज्यू कुटुंबातल्या, वॉल्टर स्वतः ज्यू नव्हते. इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी औषधांचा व्यवसाय केला आणि तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. आरा, रझा, हुसेन, सूझा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाला १९४७ च्या आगेमागे या तिघांचा केवढा आधार होता हे आपल्या कलेच्या इतिहासात नीट नोंदलेलं आहे. युरोपातला अभिव्यक्तिवाद मुंबईच्या मुलांपर्यंत पोचला त्यात या निर्वासितांचा हात होता. हर्मन यांच्या बाबतीत देवाणघेवाण उलट्या दिशेने जास्त झाली, गावाने चित्रकाराला घडवलं. पण दोन्ही गोष्टी एकाच उलथापालथीतून आलेल्या आहेत, म्हणून मराठी विद्यार्थ्याने त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

हर्मन यांच्या मर्यादाही सांगतो, कारण नुसती भक्ती उपयोगाची नाही. दक्षिण वेल्सच्या पश्चिम भागात अँथ्रासाइट हा कठीण जातीचा कोळसा निघायचा आणि तिथल्या कामगारांत फुप्फुसात धूळ साठण्याचा रोग सर्वांत जास्त होता. धाप लागलेली, चाळिशीतच थकलेली माणसं गावात दारोदार असणार. हर्मन यांच्या चित्रांत ती जवळजवळ येत नाहीत. शिशाच्या बाधेने ज्याचा पहिला धंदा सुटला त्या चित्रकाराने हे टिपावं अशी माझी अपेक्षा होती आणि ती पूर्ण होत नाही. माणसाला स्मारकाइतका भव्य केला की त्याचा खोकला ऐकू येत नाही, हा या शैलीचा धोका आहे. शिवाय पुढच्या दशकांत तीच ठेवण कोळ्यांना, शेतमजुरांना लागू होत गेली आणि काही चित्रं सवयीची वाटू लागली.

बाकीचं आयुष्य थोडक्यात. ओलसर हवा मानवेना म्हणून १९५५ मध्ये त्यांनी वेल्स सोडलं. १९५६ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. पहिला संसार टिकला नाही. १९६१ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. सफोकमध्ये राहत असताना लहानगी मुलगी गेली आणि ते पुन्हा खोल नैराश्यात गेले. १९७२ पासून लंडनमध्येच राहिले. वेल्सने त्यांना १९६२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आयस्टेदवॉड महोत्सवात सुवर्णपदक दिलं, १९९० मध्ये ते रॉयल अकॅडमीचे सदस्य झाले. आफ्रिकी शिल्पांचा, विशेषतः छोट्या शिल्पांचा, त्यांनी मोठा संग्रह केला होता; त्यांच्या आकृतींमधला घट्टपणा समजायला तो संग्रहही उपयोगी आहे. १९ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले.

अभ्यास करायचा असेल तर हा क्रम ठेवा. आधी ‘निर्वासित’, मग ग्लासगोच्या काळातली शाईची रेखाटनं, मग पेर्मेके यांचे कोळी, मग वेल्समधली संध्याकाळची चित्रं, आणि शेवटी सहा फलकांचं मोठं चित्र. वाचन नंतर करा. प्रत्येक चित्रातल्या एका आकृतीची नक्कल जाड पेनाने, न खोडता करा, आणि शरीराचा भार नेमका कुठे पडतो तिथे खूण करा. पहिल्या चित्रातल्या माणसांना ही खूण करायला जागाच सापडणार नाही, कारण ती पळत आहेत आणि त्यांच्या पायाखाली काही उरलेलं नाही. मोठ्या चित्रापर्यंत आलात की सहाही आकृत्यांत ती जागा लगेच सापडेल. त्यानंतर वही घेऊन एखाद्या बाजारात किंवा बांधकामाच्या जागी संध्याकाळी जा, सूर्य समोर येईल असे उभे राहा, आणि बसलेल्या माणसांची परवानगी घेऊन काढायला सुरुवात करा. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका; टाचांपासून करा.